रियालमधला संसार

मस्कत सोडण्याच्या आदल्या आठवड्यात माझी ग्रॅच्युइटी भारतात पाठवायला मी बँकेत गेले होते. काउंटरवर एक तरुण ओमानी मुलगी होती. तिने माझं रेसिडेंट कार्ड बघितलं, भारतातल्या बँकेचा स्विफ्ट कोड एकेक अक्षर वाचून जुळवला, रियालचे डॉलर करून पाठवायचे ना, हे पुन्हा विचारून घेतलं आणि मग पडद्यावरच्या एका रकान्याशी आली. पैसे पाठवण्याचं कारण. मी काही बोलायच्या आत तिने यादीतून ‘फॅमिली मेंटेनन्स’ निवडलंही. मी म्हटलं, “पण माझं कुटुंब इथेच आहे. खाली गाडीत बसलंय.” ती छान हसली. “मॅडम, सगळे इंडियन हेच लिहितात. दुसरं काय लिहू?” दुसरं काय लिहायचं ते मलाही पटकन सांगता येईना. गुरुवारची दुपार, पुढे शुक्रवार-शनिवार बँका बंद, मागे रांग. मी सही केली, पावती पर्समध्ये ठेवली आणि खाली आले. गाडीत बसल्यावर नवऱ्याने विचारलं, “झालं?” मी “झालं” म्हटलं. आता वर्ष होत आलं, तरी तो रकाना मनातून गेलेला नाही.

आखातात राहिलेल्या कुणालाही विचारा, महिनाअखेर म्हणजे काय ते तो सांगेल. पगार जमा झाल्याचा मेसेज येतो आणि ऑफिसात, लिफ्टमध्ये, शाळेच्या स्टाफरूममध्ये एकच प्रश्न सुरू होतो, ‘आज रेट काय?’ मस्कतच्या रुवी भागातल्या, पैसे पाठवायच्या एक्स्चेंजांच्या काचांवर रुपया, टाका, पेसो, पाकिस्तानी रुपया एकाखाली एक लावलेले असत आणि प्रत्येक जण आपापल्या ओळीवर नजर ठेवून उभा असे. ओमानचा रियाल १९८६ पासून डॉलरला बांधलेला आहे, एक रियाल म्हणजे दोन डॉलर साठ सेंट. तो हलत नाही. हलतो तो आपला रुपया. त्यामुळे काचेवरचा आकडा वाढला की आम्ही खूश व्हायचो, आणि खूश होताना खरं तर आपल्याच देशाचं चलन घसरल्याचा आनंद करत असायचो. ऑगस्ट २०१३ मध्ये डॉलर ६८ रुपयांच्या वर गेला तेव्हा रियालला पावणेदोनशेच्या आसपास भाव मिळत होता. त्या दिवसांत एक्स्चेंजबाहेर फुटपाथपर्यंत रांगा होत्या. लोकांनी क्रेडिट कार्डावर पैसे उचलून पाठवले, पुढच्या पगाराची वाट बघवेना. नवराही एका रात्री उशिरापर्यंत थांबून पैसे पाठवून आला, घरात शिरला तोच हसत. त्याच आठवड्यात आईचा फोन होता. पेट्रोल वाढलं, सगळंच वाढलं, तुझ्या बाबांच्या पेन्शनीत कसं भागवायचं. मी दोन्ही ऐकलं. दोन्ही एकाच रुपयाविषयी होतं. आईला काय बोलावं ते मला कळेना, म्हणून मी तिला मुलीच्या शाळेतलं काहीतरी सांगत बसले.

मस्कतच्या मत्रह भागातल्या बाजारात जुन्या नाण्यांच्या, खंजिरांच्या दुकानांतून फिरताना एकदा काचेखाली लाल रंगाची दहा रुपयांची नोट दिसली. रिझर्व्ह बँक ऑफ इंडियाची, आपल्याच सिंहांची, पण रंग कधी न पाहिलेला. त्या नोटांची गोष्ट मला तोवर माहीत नव्हती. या सगळ्या किनाऱ्यावर एके काळी भारताचाच रुपया चालायचा. रुपये देऊन आखातातून सोनं घ्यायचं, ते चोरून भारतात आणायचं आणि तेच रुपये फिरून परकीय चलनाच्या मागणीसाठी रिझर्व्ह बँकेच्या दारात, हे थांबवायला १९५९ मध्ये खास आखातासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा छापल्या गेल्या. मग ६ जून १९६६ ला भारताने अवमूल्यन केलं, ४ रुपये ७६ पैशांचा डॉलर एका दिवसात साडेसात रुपयांचा झाला. मत्रहच्या एखाद्या खलाशाने, खजुराच्या व्यापाऱ्याने गाठीला बांधलेले रुपये त्या दिवशी तिथल्या तिथे उतरले. निर्णय दिल्लीत झाला, बचत त्याची गेली. कतार आणि दुबईने त्याच वर्षी हा रुपया सोडला, ओमानने १९७० मध्ये. दुकानदाराला मी किंमत विचारली नाही. मी त्या नोटेसमोर जरा जास्तच वेळ उभी राहिले, एवढं खरं. आपली बचत दुसऱ्याच्या चलनात ठेवणारे आपण पहिले नाही, हे तिथे दिसत होतं. साठ वर्षांपूर्वी ते आमच्या नोटा सांभाळून होते, आता आम्ही त्यांच्या.

आमच्या घरात मात्र इतिहास म्हणून एकच गोष्ट सांगितली जायची, मामांची. म्हणजे नवऱ्याचे मामा. ते कुवेतला होते. २ ऑगस्ट १९९० ला इराकी फौजा आत शिरल्या. नंतर अम्मानहून एअर इंडियाच्या विमानांनी सुमारे १ लाख ७० हजार भारतीयांना परत आणलं, त्यांत मामा होते. बँकेतलं होतं ते तिथेच अडकलं. खिशात कुवेती दिनार होते, जगातल्या सगळ्यांत महाग चलनांपैकी एक, आणि अम्मानमध्ये त्या नोटांना कुणी हात लावेना. कुवेत मुक्त झाल्यावर तिथल्या सरकारने नव्या नोटा काढल्या, जुन्या रद्द केल्या. मामा त्यावर फार बोलत नसत. पण माझ्या सासऱ्यांनी, अण्णांनी, त्यातून एक नियम काढला आणि मुलगा मस्कतला निघाला तेव्हा विमानतळावर त्याला तो सांगितला: पैसा तिकडे ठेवू नकोस, आला की पाठव. नवऱ्याने तो नियम शेवटच्या पगारापर्यंत पाळला. त्याच्या जागी मी असते तर मीही पाळला असता.

पण घर तर चालवायचं होतं.

ते माझ्या पगारावर चाललं. हे आम्ही कधी बसून ठरवलं नव्हतं. मी भारतीय शाळेत शिकवायला लागले तेव्हा माझं खातं घराजवळच्या शाखेत उघडलं गेलं आणि घरमालकाला वर्षाचे पुढच्या तारखांचे चेक द्यायचे होते. चेकबुक हाताशी होतं ते माझं. एकदा भाडं माझ्या खात्यातून जायला लागलं, मग त्यामागोमाग विजेचं बिल, कारण उन्हाळ्यात ते मोठं येतं आणि मीच ते उघडून बघायचे. मग मुलीची फी, गाडीचं पेट्रोल, दवाखाना, दरवर्षीची भारताची तिकिटं. महिना संपताना माझ्या खात्यात काही उरत नसे, आणि त्याच्या खात्यातही उरत नसे. पण माझे पैसे संपलेले असत आणि त्याचे गेलेले असत, ही दोन वेगळी वाक्यं आहेत हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही. त्याचे पैसे कुठेतरी पोचत होते. भारतातल्या एनआरई, म्हणजे अनिवासी भारतीयांच्या परदेशी कमाईच्या खात्यात ते साठत होते, मुदतठेवी होत होत्या, त्यांच्यावर करमुक्त व्याज येत होतं, त्या व्याजाच्या पुन्हा ठेवी होत होत्या. अण्णांकडे त्या खात्याचं मँडेट, म्हणजे ते चालवायचा अधिकार होता, ते नेमाने बँकेत जाऊन पासबुक भरून आणत आणि फोनवर आकडा सांगत. तो आकडा ऐकताना मलाही फार बरं वाटायचं. आपलं चाललंय, नीट चाललंय, असं वाटायचं. त्यात माझं नाव नाही ही गोष्ट बोचायला हवी होती असं आज कुणी म्हणेल, पण त्या वेळी खरंच बोचत नव्हती. घरात दोघांनीही कधी ‘माझं’ ‘तुझं’ म्हटलं नाही, आणि ते न म्हणणं मला प्रेमाचंच वाटत आलं. अजूनही वाटतं.

आता त्या रकान्याकडे येते. बाहेरून येणाऱ्या प्रत्येक रकमेला रिझर्व्ह बँकेने एक संकेतांक दिलेला असतो. अनिवासी भारतीयांनी घरखर्चासाठी आणि बचतीसाठी पाठवलेले पैसे एकाच क्रमांकाखाली येतात, पी १३०१. कुटुंबाचा निर्वाह आणि बचत, दोन्ही एका ओळीत. देशाच्या हिशेबासाठी ते पुरेसं असेल. पण आमच्या घरात या दोन गोष्टी दोन वेगळी माणसं करत होती. निर्वाह मस्कतमध्ये माझ्या पगारातून होत होता आणि बचत भारतात त्याच्या पगारातून. आणि दरमहा कागदावर लिहिलं जात होतं ते नेमकं उलट, की तो कुटुंबाच्या निर्वाहासाठी पैसे पाठवतो आहे. जे कुटुंब जेवत होतं, शाळेत जात होतं, तापाने फणफणत होतं, ते सगळं मस्कतच्या अल खुवेर भागातल्या दोन खोल्यांत होतं. त्या कुटुंबाच्या निर्वाहाचे पैसे ओमानच्या बाहेर कधी गेलेच नाहीत, म्हणून त्यांची कुठे नोंदही झाली नाही. २०२४ मध्ये भारतात परदेशातून सुमारे १२९ अब्ज डॉलर आले असं जागतिक बँक म्हणते. रिझर्व्ह बँकेच्या पाहणीप्रमाणे २०२३-२४ मध्ये अशा पैशांतला सगळ्यांत मोठा वाटा, २०.५ टक्के, महाराष्ट्रात आला, केरळपेक्षाही किंचित जास्त. ही बातमी वाचून मला अभिमान वाटला होता. त्या आकड्यात आपणही आहोत म्हणून. नंतर वाटलं, नवरा आहे, मी कुठे आहे? माझं भाडं घरमालकाकडे गेलं, माझी फी शाळेकडे. त्या १२९ अब्जांमागे असे किती पगार असतील, बायकांचे आणि पुरुषांचेही, जे तिकडेच खर्च झाले म्हणून दुसऱ्या कुणाचा तरी पगार अख्खा घरी येऊ शकला.

परतायचं ठरलं ते मुलीच्या शाळेच्या वर्षावरून. भारतीय शाळा तिथेही मार्चमध्ये संपतात. फायनल सेटलमेंट, म्हणजे नोकरी सोडताना मिळणारा शेवटचा हिशेब, हा शब्द आखातात सगळे सहज वापरतात, मी स्वतः किती निरोप समारंभांत तो ऐकला असेल. स्वतःच्या वाट्याला आल्यावर त्याचं वजन कळतं. २०२३ च्या नव्या कामगार कायद्याने ओमानमध्ये नोकरीच्या दर वर्षामागे एका महिन्याचं मूळ वेतन ग्रॅच्युइटी म्हणून मिळतं. मूळ वेतन, घरभाडं आणि भत्ते धरून नव्हे. शाळेच्या कार्यालयातून एका पानाचं पत्र मिळालं, रुजू झाल्याची तारीख, सोडल्याची तारीख, मूळ वेतन, एकूण रक्कम. नवऱ्याचं सेटलमेंट दुसऱ्या बँकेत जमा झालं आणि लगेच अडकलं. पगारापेक्षा मोठी रक्कम एकदम आली की खातं थांबवून ठेवतात, कर्ज बाकी असताना माणूस देश सोडून जाऊ नये म्हणून. आमचं गाडीचं कर्ज कधीच फिटलं होतं, पण ते फिटल्याचं पत्र हवं होतं, आणि ते पत्र देणारा माणूस रजेवर होता. इकडे व्हिसा रद्द करायची तारीख ठरलेली, तो रद्द झाला की खातं चालू ठेवता येत नाही. घरात खोके बांधलेले, पंखे उतरवलेले, मुलगी मैत्रिणींकडे निरोप घ्यायला गेलेली आणि नवरा रिकाम्या हॉलमध्ये जमिनीवर बसून फोनवर एकाच माणसाला सर, सर म्हणतो आहे. इतक्या वर्षांत मी त्याला असं बोलताना पाहिलं नव्हतं. मला त्याच्याविषयी त्या दिवशी इतकं वाटलं की मघाशी लिहिलेला सगळा हिशेब विसरायला झालं. शेवटी पत्र मिळालं. पैसे सुटले. त्या रात्री आम्ही दोघं कॉर्निशवर, समुद्रकाठच्या रस्त्यावर जाऊन बसलो, मत्रहच्या दिव्यांकडे बघत, आणि पैशांचं एक अक्षर बोललो नाही.

एक गोष्ट मात्र मी मनाशी घट्ट धरून होते, थोडेतरी रियाल इथे राहू द्यावेत. कारण विचाराल तर सांगता आलं नसतं. थोडे पैसे राहिले तर वाट राहील, असं काहीसं. नवऱ्याने समजावलं की रेसिडेंट कार्डाशिवाय खातं बंदच होणार. ते मला माहीत होतंच. मुलगी जन्मली तिथे, वाढली तिथे. तिला आम्ही ‘आता आपण परत जायचं’ म्हणायचो तेव्हा ती म्हणायची, “तुम्ही परत जाताय, मी पहिल्यांदाच जातेय.” शेवटचा व्यवहार झाल्यावर खात्यात शून्य रियाल शून्य बैसा असं दिसलं, तेव्हा मला रडू आलं. पैसे तर सगळे सुखरूप पुढे गेले होते.

भारतात आल्यावर कायद्याच्या दोन नजरा कळल्या. फेमा, म्हणजे परकीय चलनाचा कायदा, बघतो हेतू. अनिश्चित काळ राहण्याच्या इराद्याने आलात, की विमानातून उतरल्या दिवसापासून तुम्ही निवासी. आयकर बघतो दिवस. आम्ही मार्चमध्ये आलो म्हणून त्या आर्थिक वर्षात आयकराच्या लेखी अनिवासीच राहिलो, आणि इतकी वर्षं बाहेर काढल्यामुळे पुढची दोन-तीन वर्षं निवासी पण साधारण निवासी नाही, ज्याला सगळे आरएनओआर म्हणतात. हे वाचताना मला दिलासा मिळाला होता. आपलं मनही काहीसं याच दर्जाचं झालं होतं, आणि निदान एका कायद्याने तरी त्याला वेळ दिला होता. फेमाच्या हिशेबात मात्र एनआरई खातं आता साधं निवासी करायचं किंवा त्यातले पैसे आरएफसी खात्यात, म्हणजे परतलेल्या निवासी माणसाच्या परकीय चलनाच्या खात्यात, हलवायचे. एनआरई व्याजाची करमाफी संपली. जे परतायच्या तयारीत आहेत त्यांनी हे आधी वाचून ठेवावं, कारण पहिल्या महिन्यात घर लावणं, शाळा शोधणं, गॅस जोडणं यात बँकेचे कागद मागे पडतात आणि तारखा मात्र पुढे जात राहतात.

रियाल असेपर्यंत पैसे फक्त आम्हा दोघांचे होते. किती आहेत, कशावर गेले, उरले का, हे त्या दोन खोल्यांबाहेर कुणाला माहीत नसे. रुपये झाल्यावर त्यांना नातेवाईक मिळाले. दिराने घराच्या डागडुजीचं काढलं. कुणाचं लग्न होतं. अण्णांनी एक जमीन बघून ठेवली होती, फार मनापासून, मुलगा परत येणार म्हणून. कुणाचंही मागणं वावगं नव्हतं आणि प्रत्येकाने आम्ही नसताना आमच्यासाठी काही ना काही केलेलं होतं. आईच्या आजारपणात दीरच रात्री रुग्णालयात थांबला होता. तेव्हा ते पैसे त्यांचेही होते, हे मला मान्य आहे. तरी प्रत्येक वेळी चर्चा व्हायची ती ‘त्याने तिकडे साठवलेल्या’ पैशांची. मी समोर बसलेली असे. कुणाचा दुष्ट हेतू नव्हता. पासबुकावर जे नाव होतं तेच सगळे घेत होते.

माझी बचत म्हणावी असं दोनच गोष्टींत होतं. ग्रॅच्युइटी आणि हातातल्या बांगड्या. बांगड्यांची कस्टम्सवर तपासणी झाली. तेव्हा लागू असलेल्या २०१६ च्या बॅगेज नियमांप्रमाणे वर्षाहून जास्त बाहेर राहिलेल्या बाईला ४० ग्रॅम दागिने आणता येत, पुरुषाला २० ग्रॅम, पण सोबत किमतीची मर्यादा होती, बाईला एक लाख रुपये. सोन्याच्या तेव्हाच्या भावात एक लाखात ४० ग्रॅमच्या जवळपासही पोचता येत नव्हतं. जे नियमाने भरायचं ते भरलं. अधिकारी सौम्य होत्या. त्यांनी विचारलं, “पावत्या कुणाच्या नावावर?” माझ्या, मी म्हटलं, आणि त्या दाखवताना मला विलक्षण समाधान झालं.

मग आरएफसी खात्यावरून आमच्यात वाद झाला. नवऱ्याला सगळं रुपयात हवं होतं. रुपयाच्या ठेवीला व्याज जास्त, आता इथेच राहायचं, खर्च इथेच, मग डॉलर कशाला? त्याचं बरोबर होतं. मी म्हटलं, मुलगी उद्या बाहेर शिकायला जाईल, आरएफसीतले पैसे बाहेर पाठवायला वर्षाच्या अडीच लाख डॉलरच्या मर्यादेत मोजले जात नाहीत, आणि शिवाय मला ते डॉलरमध्ये असावेसे वाटतात. हे ‘शिवाय’ त्याला पटेना. शेवटी त्याच्या पैशांचे रुपये झाले, माझ्या ग्रॅच्युइटीचे डॉलर राहिले. पुढे डिसेंबर २०२५ मध्ये डॉलर ९० रुपयांवर गेला आणि मित्रमंडळींत कुणी कधी बदलले याची मोजदाद सुरू झाली. मी ती आमच्या घरात होऊ दिली नाही. नवऱ्याने त्याच्या पैशांचे रुपये केले ते घर घ्यायला, आणि त्या घरात आम्ही राहतो. त्याला नुकसान म्हणायला मी तयार नाही.

त्या घराच्या कागदपत्रांच्या वेळी त्याने स्वतःहून एक गोष्ट सुचवली. उरलेल्या ठेवींतल्या निम्म्या माझ्या नावावर कराव्यात. तो म्हणाला, “घर तुझ्या पगारावर चाललं म्हणून हे साठलं.” मला वाटलं होतं ते मलाच एकटीला दिसलं आहे. त्याला ते दिसत होतं, केव्हापासून कोण जाणे. आम्ही सनदी लेखापालांकडे गेलो. त्यांनी शांतपणे सांगितलं की नवऱ्याने बायकोला पैसे भेट दिले तर देता येतात, भेटीवर कर नाही, पण त्या पैशांवरचं उत्पन्न कायद्याने त्याच्याच उत्पन्नात मिळवलं जातं. म्हणजे ठेव माझ्या नावावर झाली तरी व्याज त्याचंच धरलं जाणार. मी विचारलं, आणि समजा आम्ही तिकडे उलट केलं असतं? भाडं त्याने भरलं असतं आणि माझा पगार इकडे पाठवला असता? ते म्हणाले, मग ती तुमची बचत, व्याजही तुमचं, काही प्रश्नच नाही. दोघांचं उत्पन्न तेवढंच, खर्च तेवढाच, शिल्लक तेवढीच. फरक फक्त घरमालकाला चेक कुणाच्या खात्यातून गेला याचा. कायद्याला खातं दिसतं, घर दिसत नाही, आणि कायद्याने घरात डोकवावं असंही मला वाटत नाही. पण तिकडे आज ज्या मुली नोकरी करत आहेत, दुबईत असोत, दोहात असोत, मस्कतमध्ये असोत, त्यांना मी फोनवर हेच सांगते. भाडं निम्मं निम्मं भरा. एक्स्चेंजमध्ये दोघांनी जा, आपापल्या नावाने पाठवा, थोडे का असेना. प्रेम कमी असण्याचा हा प्रश्न नाही. एक दिवस परत यायचंच आहे, आणि सीमेवरून पार होतं ते फक्त ज्याची नोंद आहे ते.

आरएफसी खातं उघडताना पैशांचा उगम दाखवावा लागतो. मी शाळेचं ते एका पानाचं पत्र दिलं. बँकेतल्या बाईंनी ते पूर्ण वाचलं, रुजू झाल्याची तारीख, सोडल्याची तारीख, आणि म्हणाल्या, “बरीच वर्षं केलीत की नोकरी.” खातं माझ्या एकटीच्या नावावर आहे, वारस म्हणून मुलीचं नाव घातलं आहे. मला इथल्या एका शाळेत काम मिळालं, पगार तिकडच्या मानाने लहान. पहिला पगार झाला त्या संध्याकाळी आम्ही स्वयंपाकघरात उभ्याउभ्याच ठरवलं. वीज, किराणा, फी, सोसायटीचा मेंटेनन्स, सगळ्याची बेरीज करायची आणि ती दोघांच्या पगारांच्या प्रमाणात दोघांच्या खात्यांतून जायची, आणि दर महिन्याला दोघांच्या नावाने काहीतरी बाजूला पडायचं. अण्णांना हे सांगितलं तेव्हा ते थोडा वेळ गप्प होते. मग त्यांनी विचारलं, तुझं पासबुक कोण भरून आणतं? मी म्हटलं, माझं मीच.